रंग जाणारा कोट

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक भाव विचारण्याच्या आधी एक प्रश्न विचारते: "रंग जातो का?" या प्रश्नाचे उत्तर देता देता कित्येक पिढ्यांची दुकानदारी उभी राहिली. ज्याच्या मालाचा रंग जात नाही त्याचे नाव टिकते आणि ज्याचा जातो त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ओले कापड हातात घेऊन पायरीवर उभे असते. पुरुषांच्या जुन्या वेषांची आवड असणाऱ्यांच्या जगात मात्र एक कोट असा आहे की ज्याचा रंग जातो म्हणूनच त्याला मान आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा, अनेकदा धुतलेला, विटून मऊ झालेला असा तो कोट मिळावा म्हणून न्यूयॉर्कपासून टोकियोपर्यंतचे शौकीन जुन्या कपड्यांची दुकाने धुंडाळतात. कोट अमेरिकेत शिवलेला असतो. कापड मात्र आपल्या देशातले, मद्रासचे.

तो दिसायला साधा आहे. उन्हाळ्यात घालण्याचा, सुती, अर्धेच अस्तर असलेला. खांद्यांत भरीव गादी नाही, कंबरेला आवळून बसवणाऱ्या चिमट्या नाहीत. अंगावर सरळ सैल उतरतो. पुढे तीन बटणे, पण गळपट्टी अशी वळवलेली की वरचे बटण तिच्या आड जाते आणि मधलेच तेवढे लावायचे. अमेरिकन शिंप्यांच्या भाषेत या बेताला 'सॅक' कोट म्हणतात. कापडावर मोठमोठ्या चौकड्या असतात. त्यांत गडद निळा, विटकरी, मोहरीसारखा पिवळा, शेवाळी हिरवा असे रंग. मूळचे ते किती भडक असतील याचा अंदाज कोटाच्या आतल्या शिवणीत डोकावल्याशिवाय येत नाही. बाहेरून ते एकमेकांत असे मिसळलेले दिसतात की पांढऱ्या रेघा पांढऱ्या उरलेल्या नसतात, त्यांवर शेजारच्या निळ्या-पिवळ्याची झाक चढलेली असते.

या कापडाचे घराणे जुने आहे. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने १६३९ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावर जागा मिळवली आणि तेथे फोर्ट सेंट जॉर्ज उभा राहिला, त्याच्या कारणांत आसपासच्या गावांतील विणकर हे एक मोठे कारण होते. तेथील चौकडीचे सुती कापड आधी रंगवलेल्या सुताचे विणले जाई. ताण्यातही रंगीत धागे, बाण्यातही रंगीत धागे. जेथे एकाच रंगाचा ताणा-बाणा येतो तेथे भरीव चौक उठतो, आणि जेथे दोन निराळे रंग परस्परांना छेदतात तेथे तिसरीच छटा दिसते. छापून काढलेल्या चौकडीत ही गंमत येत नाही. कापड उलटे करून पाहिले की छापील माल लगेच ओळखू येतो आणि विणलेला दोन्हीकडून सारखा दिसतो.

मद्रासमध्ये या कापडाला फारशी प्रतिष्ठा नव्हती. ते लुंगीचे कापड. बंदरावरचा हमाल, कोळी, गाडीवान नेसे ते. पण समुद्रापलीकडे त्याचा थाट निराळा होता. 'रिअल मद्रास हँडकर्चिफ' या नावाने ते पश्चिम आफ्रिकेत जाई. नाव रुमालाचे असले तरी रुमाल एकेक वाराचा आणि असे आठ रुमाल सलग एका ताग्यात. आजच्या नायजेरियातील नायजर नदीच्या मुखाजवळ राहणारे कालाबारी लोक त्याला 'इंजिरी' म्हणतात. त्यांच्या घरांत ते पेटीत जपून ठेवण्याचे वस्त्र झाले. बाळाच्या जन्मापासून मृताच्या शय्येपर्यंतच्या प्रसंगांना ते निघते आणि आजीची पेटी नातीकडे जाते. त्यांच्या स्त्रिया या चौकडीतले निवडक धागे ब्लेडने कापून ओढून काढतात आणि कापडावर नवीच नक्षी उठवतात. ज्या वस्त्राला जन्मगावी हमालाची लुंगी म्हणत, ते परदेशी कुळाचार झाले. कापडाच्या धंद्यात असे प्रकार पुष्कळ घडतात. माल तोच, बाजारपेठ बदलली की त्याची जात बदलते.

याच मद्रासचा एक गव्हर्नर एलिहू येल. १६८७ ते १६९२ पर्यंत तो या पदावर होता आणि कंपनीच्या आडून स्वतःचा व्यापार केल्याच्या आरोपांवरून त्याला दूर करण्यात आले. मात्र तोवर त्याने भरपूर माया जमवली होती. १७१८ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट येथील एका लहानशा शिक्षणसंस्थेला त्याने मालाच्या नऊ गाठी, ४१७ पुस्तके आणि राजा पहिला जॉर्ज याचे चित्र पाठवले. माल विकून संस्थेला सुमारे ५६२ पौंड मिळाले आणि कृतज्ञतेने तिने त्याचे नाव घेतले. तेच आजचे येल विद्यापीठ. दानशूर म्हणून ज्याचे नाव अजरामर झाले त्याच्या दानाचा उगम कोणत्या व्यवहारांत होता, हे व्यापाऱ्यांनी तरी विसरू नये. तथापि येथे प्रस्तुत असलेली गोष्ट एवढीच की सुमारे अडीचशे वर्षांनी याच येलचे विद्यार्थी उन्हाळा लागताच मद्रासी चौकडीचे कोट आणि आखूड विजारी घालून हिरवळीवर बसू लागले.

ते कसे झाले, याची हकीकत मुंबईतून जाते.

कण्णूरचे सी. पी. कृष्णन नायर हे सैन्यात कॅप्टन होते. त्यांचे सासरे हातमागाच्या व्यवसायातले. नायर यांनी सैन्य सोडून कापडाच्या धंद्यात लक्ष घातले, पत्नी लीला यांच्या नावाने मुंबईत निर्यातीचा व्यवसाय उभारला, आणि पुढे १९८० च्या दशकात त्याच नावाने जे हॉटेल काढले ते विमानतळाजवळून जाणाऱ्या प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहे. नायर स्वतः सांगत असत ती गोष्ट १९५८ सालची. विल्यम जेकबसन नावाचा अमेरिकन कापड आयातदार मुंबईत आला. नायर यांनी त्याला आफ्रिकेच्या बाजारासाठी केलेले चौकडीचे कापड दाखवले. भडक रंग, आणि हातात घेताच वनस्पतींच्या रंगाचा व तिळाच्या तेलाचा उग्र वास. जेकबसनला ते फार आवडले. वाराला एक डॉलर असा भाव ठरला आणि दहा हजार वारांहून अधिक माल न्यूयॉर्कच्या ब्रुक्स ब्रदर्स या पेढीसाठी गेला. ब्रुक्स ब्रदर्स म्हणजे १८१८ मध्ये स्थापन झालेली, अमेरिकेत पुरुषांचे तयार कपडे विकणारी फार जुनी पेढी. तिच्या गिऱ्हाईकांत राष्ट्राध्यक्षही होते.

माल देताना नायर यांनी एक सूचना दिली होती. हे कापड थंड पाण्यात हलक्या हाताने, वेगळे धुवावे लागते. एरवी रंग सुटतो. जेकबसनने ती सूचना ऐकली आणि पुढे पोहोचवली नाही. ब्रुक्स ब्रदर्सने कोट शिवले, विकले. गिऱ्हाइकांनी ते घरच्या यंत्रात इतर कपड्यांबरोबर धुतले. मग काय झाले ते सांगायला नको. पांढरे सदरे निळे झाले, कोटांची चौकडी एकमेकांत विरघळली, आणि तक्रारींचा पाऊस पडला. प्रकरण वकिलांपर्यंत गेले. नायर यांच्या सांगण्याप्रमाणे त्यातून सुटका झाली ती एका नियतकालिकामुळे. 'सेव्हन्टीन' या तरुण मुलींच्या मासिकाने या कापडावर मोठा सचित्र लेख दिला. हातमागावर विणलेले, वनस्पतींच्या रंगांत रंगवलेले, प्रत्येक धुण्याबरोबर नवे रूप घेणारे भारताचे अद्भुत वस्त्र, अशी त्याची ओळख करून दिली आणि त्याला 'ब्लीडिंग मद्रास' हे नाव मिळाले. पाहता पाहता मागणी इतकी वाढली की ज्यांनी तक्रार केली होती त्यांच्याच शेजाऱ्यांनी रांगा लावल्या. रंग सुटण्याची हमी देणाऱ्या चिठ्ठ्या आणि जाहिराती निघाल्या. जगात क्वचितच कोणी आपल्या मालाच्या दोषाची हमी दिली असेल.

ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गांत जाहिरातकौशल्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. दोषाचा गुण कसा केला पहा, असे त्यात कौतुक असते. ते कौतुक थोडे चुकीच्या ठिकाणी पडते. ज्या पेढीत तीन पिढ्या कापड विकले गेले आहे तेथील वडीलधाऱ्यांना ही गोष्ट सांगितली तर ते प्रथम मधल्या माणसाकडे बोट दाखवतील. विणकराला रंग सुटतो हे माहीत होते. विकणाऱ्याला माहीत होते आणि त्याने सांगितलेही. घेणाऱ्याला माहीत नव्हते. माहिती अडली ती मध्ये, जेथे फक्त नमुना, भाव आणि वार पाहिले जातात तेथे. आजही सुरतेचा माल जळगावला आणि इचलकरंजीचा माल दिल्लीला जाताना असेच घडते. सूत कोणते, रंग कच्चा की पक्का, पहिल्या पाण्यात किती आटेल, हे प्रत्येक हातागणिक थोडे थोडे गळत जाते आणि शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत फक्त किमतीची चिठ्ठी पोहोचते.

आणि दुसरी गोष्ट. मासिकाने शब्दांची जादू केली हे खरे. पण त्या जादूने व्यवहार शुद्धही झाला. कारण त्यानंतर जो कोणी हे कापड घेई तो रंग सुटणार हे जाणून घेई. दोष लपवून विकणे आणि दोष कपाळावर लिहून विकणे यांत जो फरक आहे तो येथे आहे. पहिल्या दहा हजार वारांचा व्यवहार अपुरा होता. पुढच्या लाखो वारांचा नव्हता. कोणाला हा फरक बारीक वाटेल. परंतु सचोटीचे बहुतेक प्रश्न असेच बारीक असतात आणि ते धुण्याच्या पाण्यातच दिसून येतात.

रंग का सुटतो हे घरातल्या प्रत्येक बाईला अर्धे ठाऊक असते. हळदीचा डाग कापसाच्या कपड्यावर चटकन बसतो, साबण लावताच तांबडा होतो आणि दोन दिवस उन्हात वाळवला की फिका पडतो. हळद धाग्याला थेट चिकटते. तिला बांधून ठेवणारे मध्ये काही नसते. मंजिष्ठेचा किंवा किनाऱ्यावरील चाय नावाच्या मुळाचा तांबडा रंग पक्का होतो तो तुरटीमुळे. तुरटी एका हाताने धाग्याला आणि दुसऱ्या हाताने रंगाला धरते. निळीचे तंत्र तिसरेच आहे. ती पाण्यात विरघळत नाही. आंबवलेल्या कुंडात तिचे रूप बदलून ती धाग्यात शिरवतात आणि बाहेर काढून हवा लागताच ती पुन्हा अविद्राव्य होऊन धाग्यात अडकून बसते. आत अडकलेली नीळ वर्षानुवर्षे राहते, पृष्ठभागावर राहिलेली मात्र हाताला आणि शेजारच्या धाग्याला लागते. कोरोमंडलच्या रंगाऱ्यांना पक्का रंग येत नव्हता, असा कोणी समज करून घेऊ नये. त्यांच्या कलमकारीचा तांबडा तीनशे वर्षांनंतरही संग्रहालयांत तेजस्वी आहे. लुंगीच्या स्वस्त कापडाला तेवढा खटाटोप परवडत नसे, एवढाच त्याचा अर्थ.

आता प्रश्न असा की अमेरिकेतील श्रीमंतांच्या मुलांना विटलेला कोट का आवडावा? त्याचे कारण त्यांच्या वेषाच्या रीतीत आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा आठ जुन्या विद्यापीठांच्या गटाला आयव्ही लीग म्हणतात. तेथे नवेकोरे दिसणे हे हलकेपणाचे मानले जाई. सदऱ्याची कॉलर झिजून तिचे धागे निघाले तरी तो टाकत नसत. कोटाच्या कोपराला ठिगळ असले तर ते अभिमानाने मिरवीत. वडिलांचा कोट मुलाने घालावा यात कमीपणा नव्हता, उलट घराणे जुने असल्याची ती खूण. अशा मंडळींना असे कापड सापडले की जे एका उन्हाळ्यात दहा वर्षांचे दिसू लागे! त्यांनी ते उचलून धरले यात नवल नाही. अर्थात यात ढोंगही होते. ज्याला फाटके घालणे भाग आहे तो फाटक्याची हौस करीत नाही. त्या हिरवळीवरच्या तरुणांच्या साधेपणामागे भरलेल्या तिजोऱ्या होत्या, आणि ज्या विणकराच्या मागावरून ते कापड उतरले त्याच्या अंगावरची लुंगी विटली तेव्हा तिला कोणी शैली म्हटले नाही.

जुन्या वेषांचा खरा संप्रदाय मात्र अमेरिकेत उभा राहिला नाही. तो जपानमध्ये उभा राहिला, आणि त्याचा प्रवर्तक एका व्यापाऱ्याचा मुलगा होता. केन्सुके इशिझू यांचा जन्म १९११ मध्ये ओकायामा येथे, कागदाच्या ठोक व्यापाऱ्याच्या घरी झाला. कपड्यांची हौस विद्यार्थिदशेपासून. घरचा धंदा सोडून ते चीनमधील तिआन्जिन शहरी गेले, तेथे कापडाच्या व्यवसायात राहिले, आणि महायुद्ध संपल्यावर तेथेच एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याशी त्यांची ओळख झाली. तो प्रिन्स्टनचा. त्याच्या तोंडून त्यांनी आयव्ही लीगच्या तरुणांविषयी प्रथम ऐकले. जपानला परत आल्यावर १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ओसाकात व्हॅन जॅकेट ही कंपनी काढली. १९५९ मध्ये ते स्वतः प्रिन्स्टनला जाऊन आले आणि जपानी तरुणांसाठी तसेच सॅक कोट, तसेच बटणबंद कॉलरचे सदरे करू लागले.

त्या काळच्या जपानात विद्यार्थ्याने काळा गणवेश सोडून दुसरे काही घालावे हेच वडीलमंडळींना उच्छृंखल वाटे. १९६४ च्या उन्हाळ्यात टोकियोच्या गिंझा भागातील मियुकी रस्त्यावर आखूड विजारी आणि अमेरिकन धर्तीचे सदरे घातलेली मुले दिवसभर उभी राहू लागली. ज्यांना व्हॅनचा कोट परवडत नसे ते निदान व्हॅनची कागदी पिशवी काखेत मारून हिंडत. दुकानदारांनी तक्रारी केल्या. ऑक्टोबरात ऑलिंपिक सामने होते, पाहुणे येणार होते. सप्टेंबरात पोलिसांनी रस्ता झाडून काढला आणि कित्येक मुलांना पकडून नेले. त्यांचा अपराध काय, तर ती आपल्या आजोबांना शोभेल अशा कोटाची नक्कल करीत होती! साठीच्या दशकात जगभर तरुण पिढी बंडाच्या खुणा म्हणून केस वाढवीत असताना टोकियोत मुले गळपट्टीचा कोट घातल्याबद्दल पोलीस ठाण्यात बसली होती.

पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, 'टेक आयव्ही' हे छायाचित्रांचे पुस्तक निघाले. तेरुयोशी हायाशिदा यांनी काढलेली ती चित्रे अमेरिकन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची आहेत. मंडळी हार्वर्डला पोहोचली तेव्हा त्यांना धक्काच बसला. मुले कोट-टायऐवजी विटक्या आखूड विजारी घालून, पायांत सपाता अडकवून फिरत होती. गुरूंच्या दर्शनाला जावे आणि गुरू लुंगीवर भेटावेत, तशी गत. पण मग त्यांनी तेच टिपले, अगदी विद्यार्थी जेवताना, सायकलीवर, ग्रंथालयात. अमेरिकेने पुढच्या दहा वर्षांत ती रीत बहुतेक टाकून दिली. जपान्यांनी ती टाचणखुणांसह जपली. २०१० मध्ये या पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती निघाली, तेव्हा अमेरिकन दुकानदार आपल्याच वडिलांचे कपडे कसे होते हे एका जपानी पुस्तकातून शिकले.

व्हॅनचे पुढे काय झाले? कंपनी फार वाढली. एका विशिष्ट गिऱ्हाइकासाठी असलेला माल सर्वांसाठी होऊ लागला, शाखा वाढल्या, न खपलेला माल गोदामांत साठला, आणि १९७८ मध्ये दिवाळे निघाले. तेव्हा इशिझू ६६ वर्षांचे होते. त्यांनी रुजवलेली आवड मात्र दिवाळखोरीत निघाली नाही. १९८० नंतर जपानी खरेदीदार अमेरिकेच्या लहान लहान गावांतील जुनी दुकाने पालथी घालू लागले. वीस-तीस वर्षे फडताळात पडून राहिलेला, चिठ्ठीसकट नवाकोरा जुना माल ते गाठोड्यांनी उचलीत. त्या दुकानदारांना ही अडगळ विकत घेणारा वेडाच वाटत असेल.

या व्यवहारात पारख महत्त्वाची. जुना म्हणून विकला जाणारा प्रत्येक कोट जुना नसतो. शौकीन मंडळी प्रथम आतल्या खिशात हात घालतात. तेथे बहुधा अमेरिकेच्या वस्त्रकामगार संघटनेची लहानशी चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर १९४९ किंवा १९६२ असे वर्ष असले तर ते चिठ्ठीच्या नमुन्याचे वर्ष, कोटाचे नव्हे, पण त्यावरून काळाची मर्यादा कळते. कापसाचे प्रमाण किती हे लिहिण्याचे बंधन घालणारा अमेरिकन कायदा १९५८ चा आणि तो १९६० मध्ये लागू झाला. म्हणून धाग्याची टक्केवारी नसलेला कोट बहुधा त्याआधीचा. कसा धुवावा हे कपड्यावरच कायमचे शिवून सांगण्याचा नियम १९७२ पासून. जेकबसनच्या तोंडून जी सूचना निसटली, तसली सूचना चौदा वर्षांनी कायद्याने कॉलरच्या आत आली. अशी चिठ्ठी असलेला कोट कोणी १९६० चा म्हणून विकू लागला तर त्याला नम्रपणे नमस्कार करावा.

आपल्याकडे जुने पुरुषी कपडे का सापडत नाहीत, असे तरुण मुले विचारतात. आजोबांच्या तसबिरीत बंद गळ्याचा लांब कोट दिसतो, पगडी दिसते, साखळीने जोडलेली बटणे दिसतात. घरात शोधले तर फार तर बटणे मिळतात, कारण ती सोन्याची. कोट गेला बोहारणीकडे. दोन कोट आणि एक शालू यांवर घासाघीस होऊन पातेले घरात आले. मऊ सुती धोतरे गोधडीत गेली, उरलेली बाळंत्यांना. यात खंत करण्यासारखे थोडे आणि मानण्यासारखे पुष्कळ आहे; वस्तूचा शेवटचा धागा संपेपर्यंत ती वापरणारी घरे होती ती. उलट आज एका लग्नाच्या स्वागत समारंभासाठी घेतलेली जरीची जड शेरवानी कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकत राहते. ती कोणाच्या अंगाला पुन्हा लागत नाही, बोहारीणही तिच्याकडे बघत नाही. जगाने टाकलेल्या कपड्यांच्या गाठी कांडल्याला उतरतात, तेथे त्यांची प्रतवारी होते, आणि लोकरीच्या चिंध्यांचे पानिपतला पुन्हा सूत होते. या धंद्यात आपल्यातील पुष्कळ कुटुंबे असतील. कोणत्या गाठीत काय निघेल, हे त्यांना शौकिनांपेक्षा चांगले ठाऊक असते.

आवडीने जुना कोट घेऊ इच्छिणाऱ्याने आणखी काही पाहावे. बाहेरचे कापड सुती असले म्हणून सारा कोट सुती असतो असे नाही. जुन्या कोटांच्या छातीत आकार राखण्यासाठी घोड्याच्या केसांचे कापड घालीत. अस्तर रेशमी असू शकते. बटणे शिंगाची किंवा शिंपल्याची असू शकतात. ज्या घरांत हे चालत नाही तेथे आधी विचारून घ्यावे. दक्षिण अमेरिकेतील एका ताडाच्या कठीण बियांपासून केलेली बटणेही त्या काळी सर्रास वापरत आणि ती शिंगाइतकीच देखणी दिसतात, म्हणजे बटणे बदलून घेणे सोपे. मद्रासच्या कोटाची एक सोय अशी की अर्धे अस्तर असल्यामुळे त्याच्या आत काय आहे हे उसवल्याशिवाय बरेचसे दिसते. माप घेताना खांदा आधी पाहावा. बाही आखूड करता येते, कंबर सैल करता येते. खांदा दुरुस्त करायला जो शिंपी तयार होतो त्याच्यापासून सावध राहावे.

घालताना खाली एकरंगी विजार, एकरंगी सदरा. चौकडीवर चौकडी घालणारे शूर असतात. इतरांनी ते टाळावे. कॉलर उचलून पाहिली की तिच्याखाली मूळचा रंग दिसतो, आणि घेणाऱ्याने तो जरूर पाहून घ्यावा; वरचा आणि खालचा रंग अगदी एकसारखा असेल तर कापड पक्क्या रंगाचे, म्हणजे नंतरच्या काळातले. धुण्याची पद्धत तीच, जी नायर यांनी १९५८ मध्ये सांगितली होती. थंड पाणी, हलका हात, पिळणे नाही, सावलीत वाळवणे. आणि त्या दिवशी बादलीत घरातले एकही पांढरे धोतर असू नये.